काकूंचे दोदोल आणि फोंतेन्हासमधले दुकान

मैत्रिणींनो, नाताळ जवळ आला, की राजारामपुरीतल्या आमच्या दुमजली घराच्या जिन्यात नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा वास दरवळायला लागायचा. खालच्या मजल्यावर गोव्याच्या काकू राहायच्या. काका शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हणून आले आणि कोल्हापूरकरच झाले. नाताळच्या आदल्या दिवशी काकू क्रोशाच्या रुमालाने झाकलेले एक ताट वर घेऊन यायच्या. त्यात नेवऱ्या, कुलकुल, हरभऱ्याच्या डाळीचे दोस आणि मधोमध दोदोलचे तुकतुकीत काप. दिवाळीला आमचे फराळाचे ताट खाली जायचे, नाताळला त्यांचे वर यायचे. असे किती वर्षे चालले असेल कोण जाणे! मी या घरात लग्न होऊन आले, त्याच्याही आधीपासून.

दर वर्षी मी म्हणायची, "काकू, यंदा मला दोदोल शिकवाच." त्या म्हणायच्या, "अगो बाय, शिकवायचं काय त्यात? एक दिवस येऊन माझ्याशेजारी बस. ढवळता ढवळता कळतं." मी हो म्हणायची. पण डिसेंबरात नेमक्या शाळेच्या सहलीच्या याद्या, स्नेहसंमेलन, घटक चाचणीचे पेपर. अर्धवेळ नोकरी म्हणतात खरी, पण उरलेला अर्धा वेळ कुठे जातो हे आपले आपल्यालाच ठाऊक! तो 'एक दिवस' राहून गेला. गेल्या वर्षी पावसाळ्यात काकू गेल्या.

मागच्या नाताळात ताट आले नाही. मला त्याचे काही वाटले नाही. सुतकाचे घर, कसे येणार? पण दोनतीन दिवसांनी त्यांची सून वर आली आणि स्वैपाकघरातल्या पाटावर बसून रडायलाच लागली. ती माहेरची मिरजेची. तिच्याकडे नाताळला केक आणि करंज्या, दोदोल तिने सासरी येऊनच पाहिलेले. "वहिनी, मी मोबाईलवर बघून दोदोल केलं. काळं झालं, कडू झालं. यांनी एक काप तोंडात घातला आणि काही न बोलता उठून गेले. मम्मी असताना मी नुसती भांडी घासून दिली हो. एकदाही नीट बघितलं नाही."

काय सांगू तुम्हांला, मला ते अगदी लागले. ती निदान भांडी तरी घासत होती. मी तर ताट आले की काप उचलून खायची तेवढी धनीण!

तेव्हाच आम्ही दोघींनी ठरवले, की पुढच्या नाताळाच्या आत काकूंचे दोदोल घरात झाले पाहिजे. त्या खटाटोपाची ही हकीकत. तुमच्या घरात गोव्याचे कोणी नसले तरी वाचा, कारण असे 'एक दिवस' तुमचेही राहिलेले असणारच.

गोव्याला जाऊन शोध

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून गोव्याचा बेत केला. कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरले, की पुढे पणजी काही लांब नाही. पुरुषमंडळी आणि मुले समुद्रावर गेली आणि आम्ही दोघी पिशव्या घेऊन फोंतेन्हासमध्ये शिरलो.

फोंतेन्हास म्हणजे पणजीचा जुना पोर्तुगीज वळणाचा मोहल्ला. अरुंद गल्ल्या, पिवळी, निळी, तांबडी घरे, कौलारू छपरे, रस्त्यावर आलेले छोटे सज्जे. तिथल्या ३१ जानेवारी रस्त्यावर 'कोन्फेतारिया ३१ द जानैरो' नावाचे एक चिमुकले दुकान आहे. 'कोन्फेतारिया' म्हणजे गोड पदार्थांचे दुकान. १९३० च्या दशकातले हे दुकान आजही त्याच घराण्याकडे आहे. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा ते होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हाही ते होते. आणि आज भोवताली फोटो काढणाऱ्या प्रवाशांची झुंबड उडते तेव्हाही ते आहे. पणजीतच म्युनिसिपल बागेजवळ 'मिस्टर बेकर' नावाचे दुकान आहे, त्याच्या पाटीवर तर १९२२ साल आहे. आपल्या महाद्वार रोडवरच्या पिढीजात दुकानांची आठवण व्हावी अशी ही दुकाने. जाहिरात नाही, झगमगाट नाही, पण चार गावांची माणसे वाट वाकडी करून येणार.

आता अशा दुकानांत काय मिळते ते थोडे सांगते, म्हणजे तुम्ही गोव्याला गेलात तर नुसते काजू घेऊन परत येणार नाही.

पहिला मान बेबिंकाचा. अंड्यातील बलक, नारळाचे दाट दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ एवढेच साहित्य. पण करायची रीत अशी, की ऐकूनच हात दुखावेत. भांड्यात तूप घालून पिठाचा पातळ थर ओतायचा आणि तो वरून आच देऊन भाजायचा. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवीत. थर तांबूस झाला, की पुन्हा चमचाभर तूप, पुन्हा थर, पुन्हा आच. असे निदान सात थर. काही ठिकाणी सोळापर्यंतही जातात. घाई केली तर खालचा थर कच्चा राहतो, दुर्लक्ष केले तर वरचा करपतो. चारपाच तास बाई चुलीपुढून हलायची नाही. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने तो पहिल्यांदा केला आणि सात टेकड्यांसाठी सात थर दिले, अशी एक आख्यायिका आहे. खरेखोटे देव जाणे! पण मठांतून अंड्यातील पांढरे कपड्यांना खळ द्यायला वापरीत आणि उरलेल्या बलकाचे गोड पदार्थ करीत असे पोर्तुगालबद्दलही सांगतात. उरलेल्याचे काहीतरी करायचे, हा बायकांचा धर्म सगळीकडे सारखाच म्हणायचा.

त्याखेरीज रवा आणि खोबऱ्याचा 'बात' नावाचा केक, रवा-खोबऱ्याचीच खुसखुशीत 'बोलिन्यां', भाजलेले उकडे तांदूळ, खोबरे आणि गूळ यांचे 'पिनाग', पेरूची घट्ट वडी 'पेराद'. 'दोस' म्हणजे तर आपली हरभऱ्याच्या डाळीची नारळी वडीच. आणि नेवरी म्हणजे आपली करंजी. बिस्किटांचा चुरा आणि घुसळलेली साय यांचे थर देऊन केलेले 'सेर्रादुरा'ही गोव्यात मिळते. या शब्दाचा अर्थ लाकडाचा भुसा! नाव ऐकून नाक मुरडू नका, मुलांनी वाटी चाटूनपुसून ठेवली.

ज्यांच्याकडे अंडे चालत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते. बेबिंकात भरपूर अंडी असतात. केकात आणि बिस्किटांतही असू शकतात, तेव्हा विचारून घ्या. पण दोदोल, पिनाग आणि दोस यांत परंपरेने अंडे नसते. आमच्या सासूबाई माळकरी. त्या बेबिंकाला हात लावत नाहीत, पण दोदोल चालते.

मकावपर्यंत गेलेले ताट

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकावला वस्ती केली. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. इतकी वर्षे गलबते ये-जा करीत राहिली. त्यांतून मसाले गेले, रेशीम आले, माणसे गेली, सोयरिकी झाल्या. आणि बायका जिथे जातात तिथे त्यांचे पदार्थ जातातच.

मकावला पोर्तुगीज आणि आशियाई रक्ताची मिसळण झालेली जी घराणी आहेत, त्यांच्या स्वैपाकात आजही दोदोल आहे, नारळाच्या दुधाची 'बेबिंका द लैत' आहे. ती मात्र थरांची नव्हे, खरवसासारखी मऊ. सेर्रादुरा तर तिथे गल्लोगल्ली मिळते. नाताळला ते लोक 'आलुआ' नावाची वडी करतात. ओळखलेत का? आपला हलवा! त्यांच्यात मानतात, की आलुआ म्हणजे बाळ येशूची गादी, 'फार्तेश' नावाची सारण भरलेली मिठाई म्हणजे उशी आणि 'कोश्कोरोंइश' नावाची पातळ तळलेली पापडी म्हणजे पांघरूण. जन्माष्टमीला बाळकृष्णाचा पाळणा सजवणाऱ्या आपल्याला यात परके असे काय वाटणार?

२० डिसेंबर १९९९ ला मकाव चीनकडे परत गेले. अशा घराण्यांची संख्या मुळात थोडी, त्यातली पुष्कळशी परदेशी गेलेली. आपली पाकरीत आपल्या मागे राहील की नाही ही काळजी त्यांनाही लागली. २०२१ साली चीनने या मिश्र पाककलेला आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतले. इकडे गोव्याच्या खाज्याला २०२० साली आणि बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जसे आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळाले तसे. हे मानांकन असले, की दुसऱ्या कुठल्या मुलुखात केलेला माल त्या नावाने विकता येत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण मैत्रिणींनो, मानांकन नाव राखते. ढवळणारा हात कोण राखणार?

आणि हे परके-परके म्हणताना आपण रोज काय बोलतो तेही ऐका. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, चावी, घमेले, पगार हे सारे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग बाई, आपली मिसळपण अर्धी पोर्तुगीजच की!" तो बटाटा आणि पाव मनात धरून बोलला होता. कोल्हापुरात असे बोलायला धाडस लागते!

दुकानातले आणि घरातले

तर आम्ही दोघींनी दोदोल घेतले. रस्त्याकडेच्या पायरीवर बसून पुडा सोडला. तुकतुकीत काळे काप, मध्ये काजू. मी खाल्ले आणि म्हटले, "किती सुंदर!" खरोखरच सुंदर होते. जिभेवर मऊ, नारळाचा स्निग्धपणा, गुळाचा धुरकट वास.

सूनबाई मात्र गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चांगलं आहे वहिनी. पण मम्मींचं असं नव्हतं."

मीही पुन्हा एक तुकडा खाऊन पाहिला. खरेच की! काकूंचे दोदोल इतके काळे नसायचे. तांबूस असायचे, काकवीच्या रंगाचे. चवीला थोडे वेगळे, थोडे आपल्यातले. पण नेमके काय वेगळे, ते दोघींनाही सांगता येईना. इतकी वर्षे खाऊन आपल्याला चवीचे वर्णनसुद्धा करता येऊ नये, याची लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. म्हापशाच्या आठवड्याच्या बाजारात गेलो. तिथे माडाचा गूळ मिळतो. माडाच्या सुरापासून, म्हणजे ताज्या रसापासून केलेला, काळाभोर. गोव्यात त्याला माडाचे गोड म्हणतात. पिशवीत दोन किलो घेतला आणि काकूंच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. म्हापशाजवळच्याच गावात त्या राहतात. वय सत्तरीच्या पुढचे, पण नाताळच्या ऑर्डरी अजून घेतात. सुनेला पोटाशी धरून रडून झाल्यावर आम्ही मुद्द्याचे विचारले.

त्या हसायलाच लागल्या. "अगो, तिचं दोदोल आमच्यासारखं कसं होईल? ती तुमचोच गूळ घालताली! कोल्हापूरचो. आम्ही तिला चिडवायचो, की हिचं दोदोल घाटावर जाऊन गोरं झालं."

मी पाहतच राहिले. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर सुरुवातीला काकूंना माडाचा गूळ पुरेसा मिळेना. कोणी गोव्याहून आले तर अर्धा किलो आणायचे. मग काकूंनी अर्धा माडाचा आणि अर्धा उसाचा गूळ घालून दोदोल केले. काकांना ते आवडले, मुलांच्या तोंडी तीच चव बसली. पुढे माडाचा गूळ हवा तेवढा मिळू लागला, तरी त्यांनी रीत बदलली नाही.

आणि मग मला आठवले. दर वर्षी गुऱ्हाळे सुरू झाली, की माझ्या सासूबाई त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळातला नवा गूळ आणायच्या आणि एक छोटी ढेप काकूंना पाठवायच्या. मीच तर जिना उतरून देऊन यायची! मला वाटायचे, चहाला लागत असेल. जी चव शोधायला आम्ही आंबोलीचा घाट उतरून आलो होतो, ती निम्मी आमच्याच फडताळात होती.

आता यावर कोणी म्हणेल, की मग काकूंचे दोदोल 'अस्सल' नव्हतेच. मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, दोन्ही गोष्टी लागतात. फोंतेन्हासमधल्यासारखी दुकाने आहेत म्हणून पदार्थ जिवंत आहे. त्याचे मूळ रूप, रंग, पोत कसा असतो हे तिथे कळते. सासू गेलेल्या, माहेरी रीत नसलेल्या मुलीला निदान काय शोधायचे हे तरी तिथे समजते. ते घराणे पिढ्यान्‌पिढ्या रोज उठून तेच करते म्हणून हे शक्य आहे, आणि त्यांचे उपकार मानले पाहिजेत. शिवाय तिथे कष्टाला मोल आहे. चार तास ढवळण्याचे, थर लावण्याचे पैसे मिळतात. कोणी घरगुती बेबिंका विकत असेल आणि तुम्हांला ती महाग वाटली, तर घासाघीस करण्याआधी ते तास मोजा, एवढीच विनंती.

पण दुकान वाचवते तो पदार्थ. घराची म्हणून जी चव असते, ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती घरातल्याच कोणीतरी घ्यायची असते. आणि घेतली नाही तर जाते. तिला मानांकन नाही, पाटी नाही, यादी नाही.

चुलाणाची नजर

घरी आलो आणि लगेच कामाला लागलो. पहिल्या खेपेला गूळ तसाच नारळाच्या दुधात टाकला. दूध फाटले. दुसऱ्या खेपेला गूळ वेगळा वितळवून घेतला, पण घट्ट होतेय म्हणून लवकर उतरवले. ताटात थापल्यावर ते सकाळी शिऱ्यासारखे बसलेले!

सासूबाई इतका वेळ माळ ओढत लांबून पाहत होत्या. तिसऱ्या खेपेला त्या उठून आल्या आणि स्टूल ओढून गॅसपुढे बसल्या. "आगं, ही काहिलीचीच रीत हाय. आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या असाच उभा ऱ्हायचा. आच बारीक कर. ढवळायचं थांबायचं न्हाई. आन् घड्याळ बघू नगंस, कढईकडं बघ. कडा सोडाय लागली का? तूप सुटलं का? अजून न्हाई. ढवळ."

सूनबाई ढवळत होती, तिचा हात भरून आला की मी घेत होते. तास होऊन गेला. मग सासूबाईंनी वाटीत गार पाणी मागितले, त्यात थेंबभर मिश्रण टाकले, बोटांनी गोळी वळून पाहिली. "आता उतरीव."

ताटात ओतले तेव्हा रंग काकवीचा होता. दुसऱ्या दिवशी काप पडले. सुनेने एक काप नवऱ्यापुढे ठेवला. या खेपेला ते उठून गेले नाहीत. खाऊन झाल्यावर म्हणाले, "मीठ जरा कमी आहे. मम्मीचं अजून खारट असायचं." आणि दुसरा काप उचलला. आम्ही दोघींनी लगेच वहीत लिहिले : मीठ पाव चमच्याऐवजी अर्धा.

आमच्या मापाने आलेली कृती अशी :

साहित्य : तांदळाचे बारीक पीठ १२५ ग्रॅम, माडाचा गूळ २०० ग्रॅम, उसाचा गूळ २०० ग्रॅम, मोठे नारळ २, काजूचे तुकडे ५० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, साजूक तूप १ चमचा.

कृती : नारळ खवून कोमट पाण्यात वाटून पहिले दाट दूध वेगळे काढावे. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरे पातळ दूध काढावे. दोन्ही गूळ चिरून वाटीभर पाण्यात वितळवावेत, एक उकळी आली की गाळून पूर्ण गार करावेत. गार करणे विसरू नका, आमच्यासारखे दूध फाटेल. पातळ दुधात पीठ कालवून गुठळ्या मोडाव्यात आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवावे. शिजून दाट होऊ लागले, की गुळाचे पाणी आणि मीठ घालावे. दहाएक मिनिटांनी दाट दूध थोडे थोडे घालत, तळाला लागू न देता ढवळत राहावे. अर्ध्या तासाने काजू घालावेत. मिश्रण कडा सोडून एक गोळा होऊ लागले, चमच्याला चिकटेनासे झाले आणि कडेने खोबऱ्याचे तेल दिसू लागले, की झाले. एकूण तास-सव्वा तास धरा. तूप लावलेल्या ताटात ओतून वरून सपाट करावे, रात्रभर ठेवून सकाळी काप पाडावेत.

एकदोन सूचना. उसाचा गूळ फार पिवळाधमक घेऊ नका. रंग उजळ यावा म्हणून त्यात औषध मारलेले असू शकते. तांबूस-तपकिरी घ्या. माडाचा गूळ मिळालाच नाही तर सगळा उसाचा घाला, जग बुडत नाही. मात्र गोडी जास्त होते म्हणून पन्नास ग्रॅम कमी घाला. आणि गोव्याहून बेबिंका आणलीत, तर फ्रीजमध्ये ठेवा, पण खायच्या आधी काप किंचित गरम करा. थंडगार बेबिंकातले तूप थिजते आणि मग म्हणता, काय विशेष आहे हिच्यात!

आणि शेवटी

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हांला सांगून लेख पुरा करते. आपल्या आया-सासवांना 'कृती सांगा' असे म्हणून काही मिळत नाही. त्या म्हणणार, "अंदाजाने घालायचं." खोटे बोलत नाहीत त्या, त्यांचे माप हातातच असते. तेव्हा वही घेऊन शेजारी बसा. त्यांनी मूठभर पीठ घेतले, की ते कढईत पडण्याआधी वाटीत मोजून घ्या. वस्तू कुठून आणतात, कोणाच्या दुकानातली, कोणत्या गावची, हेही लिहा. कारण खरी गोम पुष्कळदा तिथेच असते. 'का' म्हणून विचारा. आणि मोबाईल हाताशी आहेच, तर त्यांचे ढवळणारे हातही टिपून ठेवा. एक पदार्थ, एक दुपार. त्यापेक्षा जास्त ठरवू नका, नाहीतर माझ्यासारखे होईल.

मी आता सासूबाईंच्या साटोऱ्या लिहून घ्यायला बसले आहे. परवाच्या रविवारी पहिला घाणा झाला. त्या म्हणतात, "एवढं काय लिवतीस? मी हाय की अजून."

"हो आत्ती," मी म्हटले, "म्हणूनच लिहितेय."

यंदा नाताळच्या आदल्या दिवशी जिन्यात पावले वाजतील. त्याच क्रोशाच्या रुमालाखाली तांबूस दोदोल असेल. बदल एवढाच, की गुळाची ढेप खाली पोचवून झाल्यावर या खेपेला मी वर परत येणार नाही. कढईशेजारी बसणार आहे. शाळेचे पेपर मी त्याच्या आदल्या आठवड्यातच तपासून टाकले आहेत.